रत्नाचा दानीएल

कल्पना करा. रविवारची दुपार आहे आणि वारूळवाडीतल्या एका लांबट पत्र्याच्या खोलीत तुम्ही उभे आहात. समोर सतरंज्यांवर सव्वीस माणसं बसली आहेत. निम्मी पहाटे टोमॅटो तोडून आलेली, तिघीचौघींना अक्षरओळख नाही, एका आजोबांना ऐकू कमी येतं. उपासना झाली, चहा झाला, आणि आता ह्या माणसांना तुम्ही दानीएलाचं पुस्तक शिकवायचं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी बाबेलच्या राजाला एक स्वप्न पडलं आणि त्या स्वप्नाचा शेवट अजून व्हायचा आहे, हे त्यांना समजलं पाहिजे. ते घाबरता कामा नयेत आणि झोपताही कामा नयेत. बोला, पहिलं वाक्य काय म्हणाल?

सावळेराम उघडे पहिलं वाक्य नेहमी एकच म्हणायचा. "बंधूंनो आणि भगिनींनो, जळालेली मोटार कशी भरतात ते आधी ध्यानात घ्या."

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला त्याचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. मोटार जळली की आतली तांब्याची तार काळी पडते. ती कापून काढायची आणि नवी भरायची. पण कापण्याआधी जुन्या तारेचे वेढे मोजायचे, तारेची जाडी बघायची, कुठलं टोक कुठं जोडलंय त्याचं चित्र वहीत काढायचं. हे न करता जो कात्री चालवतो त्याची मोटार पुन्हा आठ दिवसांत जळते. भविष्यवादाचंही तसंच, असं सावळेरामचं म्हणणं. जे अजून व्हायचंय त्याला आधी हात घालायचा नाही. जे होऊन गेलंय ते मोजायचं. मीखा संदेष्ट्यानं बेथलेहेमचं नाव कधी घेतलं आणि प्रभू तिथं कधी जन्मला. जखऱ्यानं गाढवीच्या शिंगरावर बसून येणारा राजा कधी पाहिला आणि ते यरुशलेमेच्या रस्त्यावर कधी घडलं. देवानं दिलेला शब्द कसा पुरा केला ते एकदा नीट मोजलं, की मग उरलेल्या शब्दाची भीती वाटत नाही.

पद्धत उत्तम होती. सावळेराम मात्र ती सांगता सांगता मोटारीतच अडकायचा. थ्री फेजवर यायचा, तिथून लोडशेडिंगवर, आणि बेथलेहेमला पोचेस्तोवर तीन वाजायचे.

पंचाऐंशी साली मंचरच्या एका कंपाउंडरनं त्याला पवित्र शास्त्र दिलं तेव्हा तो पंचवीसचा होता. बाकी पुस्तकं त्यानं श्रद्धेनं वाचली, दानीएल मात्र वेड लागल्यासारखा. राज्यांमागून राज्यं, आकडे, सप्तकं, शिंगं. मोजता येईल असं काहीतरी देवाच्या घरीही आहे ह्याचा त्याला फार आनंद झाला. अठ्ठ्याऐंशीपासून तो मंडळीत शास्त्रपाठ घ्यायला लागला. त्यासाठी त्यानं साडेसहा फूट मांजरपाट आणून त्यावर राजाच्या स्वप्नातला पुतळा स्वतः रंगवला. डोकं सोनेरी, छाती रुपेरी, पोट पितळी, पाय लोखंडी, पावलं अर्धी लोखंडाची अर्धी मातीची, एकेका भागाचं एकेक राज्य. वरून मोटारीला लावायचं वॉर्निश फिरवलं. त्यामुळे तक्ता टिकला खरा, पण उलगडला की खोलीभर दुकानाचा वास सुटे. पितळेच्या पोटापर्यंत येईतो लोक डुलायला लागत. हे सावळेरामला दिसत नव्हतं असं नाही. माणसं दमलेली असतात, असं तो स्वतःला सांगे.

आणि त्याची बायको रत्ना अकरा वर्षं पहिल्या रांगेत जागी बसलेली असे, एवढं त्याला पुरे होतं.

रत्ना घोडेगावची. सातवी झालेली. घरी शिलाई मशीन, आजूबाजूच्या बायकांची पोलकी शिवून द्यायची. नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये आंबेगावच्या बाजूला एका उपसा योजनेच्या दोन मोटारी एकदम जळाल्या आणि सावळेराम तीन दिवस तिकडे अडकला. रविवार चुकला. शास्त्रपाठ कोण घेणार, म्हणून मंडळीतल्या बायकांनी रत्नाला उभं केलं.

सोमवारी तो परत आला तेव्हा रस्त्यातच भागूबाई भेटली. ही म्हातारी मंडळीतली सगळ्यात जुनी, अक्षरशत्रू, आणि शास्त्रपाठात पहिली घोरणारी.

"काय हो भाऊ," भागूबाई म्हणाली, "त्यो राजा सपानच इसरला व्हता, ह्ये तुमी कधी बोलला न्हाईत."

"विसरला नव्हता, मावशी. त्याला ज्योतिष्यांची परीक्षा घ्यायची होती, असं काही जण म्हणतात."

"आसंल. पर रत्नीनं सांगितलं, सपान न सांगताच अर्थ मागितला त्यानं, न्हाई तर मुंडकी उडिवतो म्हनला. काल मला झोपच आली न्हाई बगा."

"रात्री?"

"रात्री कशाला? पाठाला."

सावळेराम घरी आला, हातपाय धुतले, आणि तक्ता कुठं आहे ते बघितलं. तो होता तसाच कोपऱ्यात गुंडाळलेला, वरची धूळही हललेली नव्हती.

"तक्त्याबिगर काय शिकिवलंस?" त्यानं विचारलं.

रत्ना मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "गोष्ट सांगितली. मग वाचायला लावलं. सोन्याचं डोकं म्हंजी कोण, ते त्याच अध्यायात लिवलंय ना, त्येच हुडकायला सांगितलं. सोपानभाऊंना घावलं. पुस्तक जिथपत्तूर सांगतं तिथपत्तूर जायाचं, पुस्तक थांबलं की आपण थांबायचं. तुमचंच तर हाये हे."

"आनि कुणी अवघड इचारलं तर?"

"मला न्हाई माहीत, आसं सांगितलं."

सावळेराम धूळ झटकायला तक्त्याकडं वळला. अकरा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही निघालेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो स्वतः उभा राहिला. पाठ संपल्यावर बाहेर चपला घालताना सोपान म्हणाला, "वहिनी, आता पुढचा अध्याय तुमीच घ्या की एकदा." सोपानची वारूळवाडीतच एक एकर द्राक्षबाग होती. मनानं सरळ माणूस. एखादी गोष्ट पटली की ती करूनच मोकळा व्हायचा. त्याच्या बोलण्यात कसलाही डाव नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मग एक रविवार ह्याचा, एक हिचा, असं सुरू झालं. ठरवलं कोणी नाही, झालं आपोआप. आणि सावळेराम मोजायला लागला. मोजणं हा त्याचा धंदाच होता. त्याच्या रविवारी चोवीस, तिच्या रविवारी एकतीस. त्याच्या रविवारी दोन प्रश्न, तिच्या रविवारी नऊ. तिच्या पाठाला वारूळवाडीच्या वरच्या आळीतल्या दोघी, अजून विश्वासात न आलेल्या, दाराशी येऊन बसल्या. त्याच्या रविवारी त्या नव्हत्या. त्यानं मुद्दाम बाहेर डोकावून पाहिलं होतं.

एकदा तिनं राजाचं नाव चुकीचं उच्चारलं तेव्हा त्यानं मागून मोठ्यानं दुरुस्त केलं. "नबुखद्नेस्सर."

"हां, त्योच," रत्ना म्हणाली.

भागूबाई पुढून म्हणाली, "भाऊ, आमी त्याला नुसता राजा म्हनतो. तू चालू दे, रत्ने."

लोक हसले. रत्नाही हसली. सावळेरामही हसला, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. त्या दिवसापासून तक्ता त्यानं घरातून उचलून दुकानातल्या कपाटात नेऊन ठेवला आणि किल्ली करदोट्याला बांधली. तिनं तो कधी मागितलाच नाही. मागितला असता आणि आपण नाही म्हणालो असतो, तर मन थोडं हलकं झालं असतं, असं त्याला वाटे.

एक गोष्ट त्याला फार वर्षांपासून हवी होती. दर नाताळाआधी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या छोट्या छोट्या मंडळ्यांचं मिळून मंचरला तीन दिवसांचं शिबिर भरे. दीडदोनशे विश्वासी यायचे. शिकवायला पुण्याहून कोणीतरी बोलावलं जाई. ह्या वर्षी विषय भविष्यवादाची ओळख हा ठेवलाय आणि शिकवणारा आपल्याच भागातला बघायचाय, असं त्याच्या कानावर आलं होतं. दोन्ही तालुक्यांत दानीएल शिकवणारा दुसरा होता कोण?

ऑगस्टमध्ये पाळक चांगदेव मोटारसायकलवरून दुकानात आले. पाळकसाहेब घोडेगावचे, शिबिर तेच भरवायचे. सावळेरामनं हातातली कॉईल बाजूला ठेवली, स्टूल पुसलं, चहा सांगितला.

"प्रभूची कृपा, धंदा बरा चाललाय," पाळक म्हणाले. "भाऊ, शिबिराचं कानावर आलंच असेल."

"आलं थोडंसं."

"नवी माणसं बरीच आहेत ह्या वर्षी. प्रकटीकरणातला जगाचा शेवट म्हटलं की घाबरतात. टीव्हीवर दोन हजार सालाचं काय काय दाखवतात, त्यानं आणखी घाबरतात. त्यांना हाताला धरून शिकवणारं कोणीतरी पाहिजे."

"माझा तक्ता तयारच हाये," सावळेराम म्हणाला. "म्हणत असाल तर पशूंचा दुसरा रंगवून घेतो. सातव्या अध्यायाचा."

पाळकांनी कप खाली ठेवला. "तक्ता आणाच. म्हणजे... मी रत्नाताईंना विचारावं म्हणत होतो. घोडेगावची माणसं इथं दोनदा येऊन ऐकून गेली. तुमची हरकत नसेल तर. आधी तुम्हाला विचारतो."

सावळेरामनं बाजूला ठेवलेली कॉईल पुन्हा हातात घेतली. "माझी कसली हरकत," तो म्हणाला. "तिला मीच शिकिवलंय."

"तेच तर त्याही म्हणतात," पाळक म्हणाले.

पाळक गेल्यावर त्यानं एका पाच हॉर्सच्या मोटारीत त्रेचाळीस वेढ्यांऐवजी एकोणचाळीस भरले. वीस वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा सगळी तार पुन्हा कापावी लागली.

सप्टेंबरभर वीज दुपारची जायची. दुकान अंधारलेलं, मशीन बंद. सावळेराम दारातल्या उजेडात नववा अध्याय उघडून बसे. सत्तर सप्तकं, म्हणजे यरुशलेम पुन्हा बांधायच्या हुकुमापासून मोजायचे सात-सात वर्षांचे सत्तर गट. तो ती अकरा वर्षं शिकवत आला होता, आणि दर वेळी शेवटी सांगत आला होता की प्रभूच्या परत येण्याचा दिवस आणि घटका कोणालाही ठाऊक नाही, प्रभूनं स्वतः तसं म्हटलंय, तेव्हा तारीख काढायच्या नादाला लागू नका. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर हेच लिहिलेलं होतं. त्यानं ते पान उलटलं आणि गणित मांडलं.

पहिल्यांदा आकडा फार मागे पडला, होऊन गेलेल्या सालात. त्यानं सुरुवात दुसऱ्या राजाच्या हुकुमापासून धरली, तर फार पुढं गेला. मग वर्ष तीनशे साठ दिवसांचं धरलं. मग मध्ये एक फट सोडली, ती किती मोठी ते आपल्या मनानं ठरवलं. चौथ्या खेपेला उत्तर आलं. दोन हजार सालचा मार्च. मोटार भरताना कोणी वेढे कमी पडले म्हणून आकडाच बदलला असता तर सावळेरामनं त्याला दुकानात पाय ठेवू दिला नसता. पण त्या दुपारी त्याला स्वतःचं काही वावगं दिसलं नाही. त्याला फक्त एवढंच दिसलं, की हे रत्नाजवळ नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पाळी त्याची होती. त्यानं तक्ता आणला, बाजूला नवा कागद लावला, त्यावर लाल रेघ आणि रेघेच्या टोकाला महिना. "मी छातीठोक न्हाई सांगत," तो म्हणाला, आणि मग पाऊण तास छातीठोकच सांगितलं. कोणी डुललं नाही. कमी ऐकू येणारे आजोबा पुढं सरकून बसले. शेवटी बारा प्रश्न आले. बारा. त्यातले तीन सोपानचे.

"म्हंजी मार्चच्या आत, भाऊ?"

"मोजणी तसं सांगती."

रत्ना पहिल्या रांगेत बसली होती. ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली आणि काही बोलली नाही. घरी येतानाही नाही. तिला जळवलं आपण, असं सावळेरामला वाटलं, आणि भाकरी त्या दिवशी त्याला फार गोड लागली.

पुढच्या चार रविवारी तोच बोलला. चाळीस माणसं झाली, मग सत्तेचाळीस. रत्नानं आपली पाळी मागितली नाही. शिबिराचं पाळकांना पुन्हा एकदा विचारून बघावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वारूळवाडीच्या मळ्यातून एका विहिरीवरची मोटार बघायला बोलावणं आलं. सावळेराम सायकलवरून बांधाबांधानं निघाला. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन गेली होती. जो तो बागायतदार ह्या दिवसांत वेली बोडक्या करतो, काडीवरचे डोळे फुगतात आणि त्यातून फेब्रुवारी-मार्चचा माल येतो. ही छाटणी चुकली तर त्या वर्षी बाग म्हणजे नुसता पाला. दोन्ही बाजूंना उघडे मांडव, काड्यांवर पोपटी कोंब. आणि मधेच एक एकर गच्च हिरवं. जुनी, राठ, धूळ बसलेली पानं जिथल्या तिथं.

सावळेरामनं सायकल थांबवली. बाग सोपानची होती.

शेजारच्या मळ्यातला गेणू पाणी भरत होता. तो काही विश्वासी नव्हता. त्यानं फावड्यावर हात टेकून सांगितलं, "बघा तुमच्या पावण्याचं. इचारलं तर म्हनतो, मार्चात द्राक्षं खायाला आपुन हितं असनार हाय का? गेला घाटघरला, बहिनीकडं. सगळ्या नातेवाइकांना सांगून येतो म्हनला. कुणी घातलं हो त्याच्या डोक्यात?"

सावळेराम विहिरीवर गेलाच नाही. घरी आला तर रत्ना काज करत होती.

"सोपानची बाग बघितलीस?"

"परवा बघितली."

"मग बोलली न्हाईस?"

"तुमी बगाल म्हनून थांबले," रत्ना म्हणाली. "आज न्हाईतर उद्या मीच बोलनार व्हते. अजून आठ दिवस छाटणी चालती म्हनत्यात. उशिरा ईल माल, पर ईल."

तो उभाच राहिला. जाऊन सांगितलं की तारीख खोटी, तर सत्तेचाळीस माणसांपुढं उरतं काय? अकरा वर्षांचा शास्त्रपाठ, तक्ता, सगळ्यावर पाणी. आणि हिचं मंचर पक्कं. हा विचार त्या वेळीही त्याच्या मनात आला, सोपानच्या बागेच्या आधी आला, आणि ते त्याचं त्यालाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जुन्नरला गेला आणि तिथून घाटघरच्या एसटीत बसला. गाडी डोंगरात शिरली. भातकापणी चालली होती, खाचरांतून पेंढ्या रचलेल्या. सोपान बहिणीच्या खळ्यावर सापडला, चारपाच माणसांना काहीतरी समजावत. सावळेरामला बघून त्याचा चेहरा फुलला. "या, या. ह्येच आमचे भाऊ. ह्यांनीच मोजलंय."

"सोपान, जरा इकडं ये."

दोघं खळ्याच्या कडेला जाऊन बसले. सावळेरामनं एसटीत मोठं भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"छाटणी करून घे," तो म्हणाला.

"का? तारीख पुढं गेली व्हय?"

"तारीख न्हाईच."

सोपाननं पेंढीतली एक काडी काढली. "तुमी तर कागुदच लावला व्हता, भाऊ. शास्त्रातनंच मोजलं ना?"

"आकडे शास्त्रातले. कुठनं धरायचे ते मी ठरवलं. एकदा जमलं न्हाई, तर दुसरीकडनं धरलं. चार येळा."

"कशापायी पर?"

ह्या प्रश्नाला उत्तर दोन होती. एक सभेत सांगण्यासारखं, एक खरं. खळ्यावर वारा चांगला सुटला होता, उफणणी चालली होती, आणि भुसा दोघांच्या अंगावर येत होता.

"लोक रत्नाकडं जाया लागले व्हते," सावळेराम म्हणाला. "मला सोसलं न्हाई."

सोपाननं हातातली काडी मोडली. मग म्हणाला, "म्हंजी वहिनीचा राग, आनि उपाशी ठिवली माझी बाग."

"राग न्हाई रे."

"मग काय म्हनत्यात त्याला? तुमीच शिकिवता, तुमाला शब्द ठावं."

सावळेराम अंगावरचा भुसा झटकत राहिला. सोपाननं खळ्यावरच्या माणसांकडं बघितलं. "आता ह्यांना काय सांगू? चार दिस झाले, घसा बसला माझा."

"मी सांगतो."

"तुमी नगा. तुमी बोलाया लागला की माणसं ऐकत्यात," सोपान म्हणाला, आणि स्वतःच उठून त्यांच्याकडं गेला.

पुढचे पाच दिवस दुकानाला कुलूप होतं. सोपान, त्याची बायको आणि सावळेराम, तिघांनी मिळून छाटणी उरकली. मांडवाखाली हात वर करून कात्री चालवायची सवय नसलेला माणूस दुसऱ्या दिवशी मान हलवू शकत नाही. "डोळं मोजून छाटा, भाऊ," सोपान शेजारून म्हणायचा. "हितं मनाचा आकडा चालत न्हाई." बाग उशिरा फुटली, सगळीकडं सारखी फुटली नाही. पण फुटली.

मधल्या रविवारी सावळेराम उभा राहिला, मोटारीचं उदाहरण न देता, आणि त्यानं लाल रेघेचा कागद सगळ्यांसमोर फाडला. काय चुकलं ते सांगितलं. का चुकलं ते अर्धंच सांगितलं. 

मग भागूबाई म्हणाली, "म्हंजी उन्हाळ्यात कुरडया करायच्या का न्हाई, तेवढं सांगा."

"करायच्या, मावशी."

"बरं झालं. म्या गहू भिजवायचे का न्हाई, त्याचाच इचार करत व्हते."

पुढच्या रविवारी बावीस माणसं होती.

त्या आठवड्यात कधीतरी त्यानं रत्नाला विचारलं, "कागुद बघितल्या बघितल्या तुला कळलं व्हतं?"

"व्हय. सुरवातच सरकवली व्हती तुमी. मला तुमीच शिकिवलेलं, ती कुठनं धरायची."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

रत्नानं सुई थांबवली. "बोलले असते तर तुमी म्हनला असता, हिला मंचरला जायाचं हाय म्हनून बोलती. त्या भ्यानं मी महिनाभर गप ऱ्हायले. त्येबी चुकलंच. सोपानभाऊंची बाग काय माझ्या गप बसण्यानं फुटनार व्हती?"

डिसेंबरात मंचरला एका शाळेच्या हॉलमध्ये शिबिर भरलं. रत्नानं पहिल्याच दिवशी तक्ता मागितला. मोठ्या जमावाला चित्र लागतं, म्हणाली. भिंतीला खिळा नव्हता, म्हणून तक्त्याची वरची काठी सावळेरामला दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागलं. तो पुतळ्याच्या मागं, फक्त बोटं आणि पायजम्याचे घोळ दिसतील असा. समोर पावणेदोनशे माणसं. आंबेगावच्या बाजूचा कोणी मागून म्हणाला, "ओ भाऊ, जरा वर घ्या, पावलं दिसत न्हाईत." पलीकडच्यानं विचारलं, "ते कोण?" उत्तर आलं, "ताईंचे मिस्टर असतील."

कापडाच्या मागून त्याला तिचा आवाज ऐकू येत होता. जे झालंय ते आधी मोजा, ती सांगत होती. हे माझं नाही, मला घरी शिकायला मिळालं. लोक पानं उलटत होते, शोधत होते, सापडलं की हात वर करत होते. तिनं तीनदा सांगितलं की मला नाही माहीत. तीनही वेळा कोणी नाराज झालं नाही. सावळेरामचे हात भरून आले होते. प्रभू, हिच्या तोंडून तुझं नाव मोठं होऊ दे, अशी प्रार्थना त्यानं केली, मनापासून केली, आणि त्याच मनात दुसऱ्या क्षणी आलं की तिची एक ओळ तरी चुकू दे.

शेवटच्या दिवशी ती शेवटच्या अध्यायावर आली. दानीएल म्हातारा झालाय. सगळं त्यानं ऐकलंय, सगळं लिहून काढलंय, आणि त्याला ते कळलेलं नाही. तो विचारतो, माझ्या स्वामी, ह्याचा शेवट काय? त्याला सांगितलं जातं, तू आपल्या वाटेनं जा, हे शब्द बंद करून ठेवलेत, पुढच्यांपैकी जे शहाणे असतील त्यांना समजेल. रत्नानं तिथं पुस्तक मिटलं. पुढं काय ते विचारू नका, पुस्तक इथं थांबलंय, म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये तेरा माणसं कोंबलेली होती. सावळेरामच्या मांडीवर तक्त्याची गुंडाळी, शेजारी रत्ना. कळंबच्या पुढं रस्ता मोकळा झाला तेव्हा तो तिच्याकडं वळला.

"एक इचारू?"

"इचारा."

"दानीएलानं येवढी वरसं लिवलं. आनि त्याला सांगितलं, तुला न्हाई, तुझ्या मागनं येनाऱ्यांना कळंल. मग त्यो काय म्हनला?"

"काय म्हनला ते लिवलेलं न्हाई."

"ते मला माहीत हाये. म्हनूनच इचारतो."

रत्ना खिडकीबाहेर बघत राहिली. नारायणगाव आलं तेव्हा तिनं गुंडाळीचं एक टोक उचललं.

त्याला आता आठनऊ वर्षं होऊन गेली. रत्ना जुन्नर-आंबेगावातल्या सगळ्या मंडळ्यांतून बोलावली जाते. सावळेराम एक रविवार आड शास्त्रपाठ घेतो, पंधरावीस माणसं असतात, आणि 'मला माहीत नाही' हे त्याला आता म्हणता येतं, घसा खाकरून का होईना. पण नवा पाळक आला, पुण्याचा कोणी शिकलेला पाहुणा आला, की तो त्याला चहाला दुकानात आणतो, स्टूल पुसून देतो आणि तेच विचारतो. पाहुणे हसतात, खांद्यावर हात ठेवतात, विषय बदलतात. तो पुन्हा विचारतो. ज्यानं सगळं उपाशीपोटी, गुडघ्यावर बसून मिळवलं आणि ते समजायचं भाग्य दुसऱ्यालाच जाणार हे ज्याला त्याच दिवशी सांगितलं गेलं, त्या दानीएलाच्या पोटात, वाटेला लागताना, थोडं तरी जळलं असेल का?